ओ येईपर्यंत

अहवाल अकरा पानांचा होता आणि त्यात थोरलीच्या नावापुढे दोनच शब्द होते: काही नाही.

पहिली आठ पानं तिनं नेटानं वाचली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा वर सरकवत, ओळीखाली बोट धरून. उद्या अकरा वाजता साहेबांच्या खोलीत त्यावर शिफ्टप्रमुख म्हणून तिची सही हवी होती. नवव्या पानावर एक तक्ता होता. प्रश्न: रोलर बंद केल्यानंतर आणि पुन्हा चालू करण्याआधी आपण काय करता? उत्तर: काही नाही. निष्कर्ष: अशी कोणतीही पायरी अस्तित्वात नाही.

शेवटच्या पानावर अपघाताचं कारण दिलं होतं. संबंधित कर्मचारी ठरवून दिलेल्या नव्वद सेकंदांत अडकलेलं कापड काढून बाहेर आली नाही. एकशे चाराव्या सेकंदालाही तिचा हात आतच होता. त्याखाली शिफारस: संबंधित कर्मचारी या कामास योग्य नाही, तिला परत कामावर घेऊ नये. संबंधित कर्मचारी म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. गेले तीन आठवडे ती समोरच्या दारामागे उजवा हात उशीवर ठेवून पडून होती. दोन बोटं गेली होती, तळहात भाजून निघाला होता. अकरा पानांत त्या हाताबद्दल एक ओळ नव्हती. सेकंद तेवढे मोजलेले होते.

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. पण त्या तिडिकीखाली दुसरंही काही होतं, आणि ते राग येण्यापेक्षा वाईट होतं. ते दोन शब्द तिचेच होते, हे तिला बघताक्षणी कळलं होतं.

दोघी जावा एकाच धुलाईघरात कामाला. थोरलीला बावीस वर्षं झालेली, धाकटीला नऊ. सहा रुग्णालयांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे हिरवे डगले तिथं मळके येत आणि इस्त्री होऊन, घड्या घालून परत जात. इस्त्री म्हणजे घरातली नव्हे. एकामागे एक चार तापलेले रोलर, माणसाच्या डोक्यावरून जाणारं लोखंडी धूड. पुढून ओलसर चादर घालायची, मागून कोरडी निघते. बटण पुढच्या बाजूला. फाटक्या काठाची चादर आली की ती मागच्या रोलरला गुंडाळून बसते. मग एकीनं पुढून मशीन बंद करायचं आणि दुसरीनं मागे जाऊन, झाकण उचलून, आत हात घालून ते कापड सोडवायचं. पुढचीला मागची दिसत नाही. त्यात धुण्याच्या ढोलांचा असा गडगडाट की शेजारच्या बाईचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं.

म्हणून तिथं एक रीत होती. आधीच्या शिफ्टप्रमुख बाईनं ती थोरलीला पहिल्याच दिवशी शिकवली होती, तीही दंड धरून. मागचीनं कापड काढायचं, बाहेर यायचं, भिंतीजवळच्या पिवळ्या पट्ट्यावर उभं राहायचं आणि तिथूनच ओ द्यायची. हात आत असताना कुणी गळा फाडून हाका मारल्या तरी तोंड उघडायचं नाही. पुढचीनं पोटातून हाक मारायची आणि ओ येईपर्यंत बटणाला बोट लावायचं नाही. ओ नाही म्हणजे हात आत. एवढंच. बावीस वर्षांत थोरलीच्या शिफ्टला चटके पुष्कळांना बसले, पण बोट कुणाचं गेलं नव्हतं.

मग चौकोनवाला आला.

हे नाव त्याला घड्यांच्या टेबलावरच्या बायकांनी दिलं. कामाच्या पद्धती एकसारख्या करून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं त्याला पाठवलं होतं. तसा तो माणूस गोड बोलायचा, चहाचा कप स्वतः उचलून ठेवायचा. हातात टॅबलेट घेऊन तो प्रत्येकीच्या मागे उभा राही आणि तिच्या कामाचे चौकोन काढी. चादर उचलली, एक चौकोन. झटकली, दुसरा. त्यांच्यामध्ये बाण. जिथं बाई विचार करायला थांबेल तिथं तिरका चौकोन. खऱ्या कामाला हिरवा रंग, वाया गेलेल्या वेळेला लाल. साहेब खूश होते. आता काम बाईवर अवलंबून राहणार नाही, चार्टवर चालेल, असं ते सगळ्यांना जमवून सांगत होते. कोणीही कुठंही उभी राहील आणि काम तेच होईल, असंही म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या. साहेब बोलत असताना मान डोलावणं हेही तिथलं एक कामच होतं, फक्त त्याला चौकोन नव्हता.

थोरलीला त्यानं तीन दुपारी प्रश्न विचारले. टॅबलेट टेबलावर ठेवलेला, तिचं बोलणं त्यात भरलं जात होतं आणि त्यातली यंत्रणा म्हणे आपोआप उत्तरं वेगळी काढून तक्ते करत होती. तिनं बावीस वर्षं त्याच्यापुढे ओतली. मध्ये काय बोललो आणि काय नाही, हे तिला नंतर आठवेना.

चार्ट तयार होऊन रोलरशेजारी भिंतीवर लागला. रोलर बंद. कापड काढणे, नव्वद सेकंद. रोलर चालू. बटणावर एक दिवाही बसला: नव्वद सेकंद लाल, मग हिरवा. हाकेचा चौकोन त्यात नव्हता, हे थोरलीच्या लक्षात आलं होतं. इथंच ती स्वतःला माफ करू शकत नव्हती. लक्षात आलं होतं आणि तिनं सोडून दिलं होतं. हे काय लिहायचं असतं का, असं तिला वाटलं होतं. श्वास घ्या, असंही कुठं लिहिलेलं नसतं. ती स्वतः बटणावर असेपर्यंत दिवा हिरवा होऊन विझला तरी हाक मारतच राहिली.

पण कोणीही कुठंही, हे ठरलेलंच होतं. महिन्याभरात तिला मळक्या कपड्यांच्या नोंदीवर बसवलं आणि बटणावर घड्यांच्या टेबलावरची एक बाई उभी केली. तिनं रोलर कधी चालवला नव्हता. तिला चार्ट वाचून दाखवला होता. त्या दिवशी चादर अडकली, धाकटी मागे गेली. कापड तीन ठिकाणी गुंडाळलेलं होतं. दिवा हिरवा झाला आणि त्या बाईनं, चार्टमध्ये लिहिलं होतं तेच, अगदी तस्संच केलं. धाकटी आत हात घालून हाकेची वाट बघत होती. हाक आली नाही म्हणजे वेळ आहे, असं ती समजली. ती बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. थोरलीला तिचा राग करायचा होता, पण जमलं नाही.

रुग्णालयात दीर भेटला तेव्हा त्यानं फक्त एकच विचारलं होतं.

“वहिनी, तुम्हाला सगळं विचारलं होतं ना त्यांनी? मग तुम्ही काय सांगितलंत?”

तेव्हापासून दीर जिन्यात भेटला तरी बाजूनं निघून जायचा. एका मजल्यावर समोरासमोर दोन दारं, इतकी वर्षं दिवसभर उघडी असायची. आता दोन्ही बंद असत. थोरली डबा घेऊन जायची, धाकटी भिंतीकडे तोंड करून असायची, डबा ठेवून ती परत यायची.

आणि आता हे दोन शब्द. थोरलीचं कुठलंही सांगणं ‘काही नाही’पासूनच सुरू व्हायचं. काही नाही, जरा दूध उतू गेलं. काही नाही, मुलीचं लग्न ठरलं. सगळं घर तिची थट्टा करायचं. धाकटी तर म्हणायची, ताई, उद्या घर पेटलं तरी तू दारात येऊन सांगशील, काही नाही गं, जरा आग लागलीय. त्या दुपारी आपण ‘काही नाही’ म्हणून पुढे बोललो की तिथंच थांबलो? चहा आला होता का मध्ये? कुणी हाक मारली होती का? तिनं डोकं धरून आठवून पाहिलं. पुढे बोललो असू तर पाप त्यांचं. थांबलो असू तर धाकटीचा हात आपल्या जिभेनं घेतला.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं असताना ती साहेबांच्या खोलीत गेली. चौकोनवाला आधीच बसला होता. साहेबांनी पेन पुढे केलं, शेवटचं पान उघडून दिलं आणि फार वाईट झालं वगैरे म्हणून घेतलं. थोरलीनं पेन घेतलं नाही. तिनं नववं पान काढलं आणि हे उत्तर माझ्या आवाजात ऐकवा, म्हणाली. साहेब म्हणाले, आता त्याची गरज नाही. चौकोनवाला म्हणाला, ते शोधायला वेळ लागेल. ती म्हणाली, लागू दे, आणि खुर्ची ओढून बसली.

सापडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. टॅबलेटमधून आधी कपबशीचा आवाज आला, मग चौकोनवाल्याचा प्रश्न, आणि मग ती स्वतः. आपला आवाज इतका घाईचा असतो हे तिला माहीत नव्हतं.

“काही नाही हो. पोटातून एक हाक मारायची. मागून ओ आली की मग बटण. ओ नाही आली तर बटणाला हात लावायचा नाही, उठून मागे जाऊन बघायचं. ओ नाही म्हणजे हात आत.”

त्यावर चौकोनवाल्याचा आवाज आला, अगदी प्रसन्न: “छान. पुढचा प्रश्न.”

थोरलीच्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि त्याच क्षणी त्याच्या जागी संताप चढला. सांगितलं होतं. शब्द न् शब्द सांगितलं होतं. तीन आठवडे ती धाकटीच्या दारातून चोरासारखी परत येत होती, आणि हा माणूस छान म्हणून पुढे गेला होता.

चौकोनवाला कपाळ पुसत खुलासा करू लागला. यंत्रणा उत्तराचा मुख्य भाग उचलते, बाकीचं पूरक माहिती म्हणून वेगळं ठेवते. ‘काही नाही’ हे तिच्या दृष्टीनं स्पष्ट उत्तर होतं. तक्ते साडेतीनशे होते, प्रत्येक तपासणं शक्य नव्हतं.

“यंत्राचं सोडा,” थोरली म्हणाली. “तुम्ही समोर बसला होता. तुमच्या घरी कुणाला काय झालं विचारलं आणि तो म्हणाला, काही नाही, जरा छातीत दुखतंय, तर तुम्ही छान म्हणून पुढचा प्रश्न विचारता का?”

साहेबांनी मग सूत्रं हातात घेतली. झालं ते झालं, म्हणाले. चूक सापडली ही चांगलीच गोष्ट आहे, आता चार्टमध्ये हाकेचा चौकोन घालून टाकू, आत्ताच्या आत्ता, तुमच्यासमोर. अहवालाचं वेगळं, तो वर जायचा आहे, त्यावर सही तेवढी आज होऊ दे. त्यांनी पेन पुन्हा तिच्याकडे सरकवलं.

चौकोनवाल्याला हायसं वाटलेलं दिसलं. चौकोन काढायचा म्हटल्यावर त्याची बोटं सुरळीत चालू लागली. ‘बंद’ आणि ‘चालू’ यांच्यामध्ये त्यानं नवा चौकोन ओढला, त्यात ‘हाक’ असं लिहिलं आणि तो थांबला. चौकोनाखाली एक रिकामा रकाना लुकलुकत होता. तो भरल्याशिवाय यंत्रणा पुढे जाऊ देत नव्हती.

“हाकेला किती सेकंद धरू?” त्यानं विचारलं. “पाच पुरतील?”

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला खरोखर आकडा हवा होता. लबाड असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पाच सेकंद दिले असते तर सहाव्या सेकंदाला पुन्हा हिरवा दिवा लागला असता आणि कुणीतरी पुन्हा अगदी तस्संच केलं असतं.

ती उठली. “मी बाहेर जाऊन उभी राहते,” ती म्हणाली. “तुम्ही मला हाक मारा.”

तिनं दार लावून घेतलं. बाहेरच्या बोळात पाण्याचा पिंप होता, वाळूच्या दोन लाल बादल्या होत्या आणि खालून ढोलांचा आवाज येत होता. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“बाई?” आतून चौकोनवाल्याची हाक आली.

ओ तिच्या अगदी ओठांवर आली. बावीस वर्षांची सवय, हाक कानावर पडली की गळा आपोआप उघडतो. तिनं दात आवळले. पाच सेकंद गेले. दहा गेले. पुन्हा हाक आली, जरा मोठ्यानं. मग साहेबांची आली, अहो बाई म्हणून, आणि तिच्यात राग होता. ती हलली नाही. धाकटी आत हात घालून अशीच गप्प उभी असेल, हे तिच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं ते पदरानं नाही, मनगटानं रागारागानं पुसलं. आत कुजबुज झाली. आणखी एक हाक आली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, दार उघडलं आणि चौकोनवाला बाहेर आला, टॅबलेट हातात तसाच.

“बाई, बरं आहे ना तुम्हाला? ओ का नाही दिलीत?”

“तुम्ही का उठून आलात?”

“तुम्ही ओ दिली नाहीत, म्हणून... काय झालं ते बघायला.”

“किती सेकंदांनी आलात?”

हातातल्या टॅबलेटकडे त्यानं एकदा पाहिलं, मग तिच्याकडे.

“मोजले नाहीत,” तो म्हणाला.

“मग तेच लिहा,” थोरली म्हणाली. “ओ येईपर्यंत. आणि नाही आली तर उठून बघा. तिथं आकडा बसत नसेल तर तुमचा रकाना बदला, माझ्या बायकांचे हात नका बदलू.”

आत येऊन तिनं पेन घेतलं. नवव्या पानावरचे दोन शब्द तिनं खोडले नाहीत. त्यांच्यापुढे, तक्त्याची रेघ ओलांडून, समासात, पानाच्या खाली, जागा मिळेल तिथं तिनं बाकीचं सगळं उत्तर लिहून काढलं, आणि शेवटी त्यांचं ‘छान, पुढचा प्रश्न’सुद्धा लिहिलं. साहेब म्हणाले, मूळ प्रतीवर असं लिहिता येत नाही. ती म्हणाली, आता लिहून झालंय. शेवटच्या पानावरची शिफारस काढा, धाकटीची दोन बोटं गेलीत म्हणून तिला नोंदीचं काम द्या आणि तसं लिहून आणा, मग सही करते. नाहीतर हे पान आणि ते बोलणं दोन्ही मीच वर घेऊन जाईन. मग साहेबांनी चौकोनवाल्याला शेवटचं पान बदलून आणायला सांगितलं. पान बदलून येईपर्यंत थोरली तिथंच बसून राहिली. त्यांनी दिलेला चहा तिनं घेतला नाही. शिफारस गेली होती, नोंदीचं काम आलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि सही केली.

खाली जाऊन तिनं रोलरशेजारचा चार्ट भिंतीवरून ओढून काढला. दिव्यावर चिकटपट्टीचे चार पदर लावले. बटणावरच्या नव्या बाईला तिनं दंड धरून सांगितलं, स्वतःला सांगितलं गेलं होतं तसंच.

संध्याकाळी ती समोरच्या दाराशी गेली तेव्हा दार दिरानं उघडलं. बाजूला होण्याआधी तो क्षणभर घुटमळला. धाकटी पलंगावर उठून बसली होती. हाताची पट्टी त्याच दिवशी बदललेली दिसत होती, पांढरीशुभ्र. धुलाईघरातून गेलेल्या एखाद्या चादरीची असावी इतकी पांढरी.

“काय झालं तिकडे?” धाकटीनं विचारलं. तीन आठवड्यांत तिनं आपण होऊन विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

“काही...” थोरली म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द तिनं गिळला. दोघंही तिच्याकडे बघत होते. धाकटीनं पट्टी बांधलेला हात उशीवरून उचलला आणि पुन्हा ठेवला.

“सांगितलं होतं गं मी त्यांना,” थोरली म्हणाली. “हाक, ओ, मागे जाऊन बघणं, सगळं. आज माझ्याच आवाजात ऐकलं.”

धाकटीच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान नव्हतं, आणि ते का असावं.

“मग तेव्हा कुणी ऐकलं नाही?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मी ऐकत होते ताई,” धाकटी म्हणाली. “तिथं मागे उभी राहून. हात आत होता, बटणावर तू नव्हतीस, तरी मी तुझ्याच हाकेची वाट बघत होते.”

थोरली पलंगाच्या कडेला बसली. दिरानं दार उघडंच ठेवलं होतं, समोर तिचंही दार उघडं होतं.